धाकट्या महालक्ष्मीला चढलेलं तांबं

मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, आणि आमच्या घराण्याची धाकटी महालक्ष्मी माझ्यामुळे तांब्याची झाली.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पैकी पहिलीवर आता आमच्या घरात कुणी विश्वास ठेवत नाही.

आमच्याकडे भादव्यात तीन दिवस महालक्ष्म्या असतात. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी. लोखंडी स्टँडला साड्या नेसवायच्या, वर पितळेचे मुखवटे बसवायचे. पहिल्या दिवशी त्यांना वाजतगाजत घरात आणायचं, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा नैवेद्य, तिसऱ्या दिवशी बोळवण. आमचे मुखवटे पिढीजात, आणि पिढ्यान् पिढ्या ते थोरल्या घरी, म्हणजे पालमला दादाकडे. माझी बायको मंगल लग्न होऊन आली तेव्हापासून दरवर्षी पालमला जायची, वहिनींच्या हाताखाली सोळा भाज्या चिरायची, आणि परतताना एसटीच्या खिडकीबाहेर बघत म्हणायची, "आपल्या घरी कवा यायच्या हो लक्ष्म्या?"

"येतील की," मी म्हणायचो. (नवऱ्याचं हे कायमस्वरूपी उत्तर आहे. कुठल्याही प्रश्नाला चालतं.)

आणि एका वर्षी त्या खरंच यायला निघाल्या! वहिनींचे गुडघे गेले होते. त्यांनी फोन केला. "मंगल, यंदा लक्ष्म्या परभणीला उभ्या कर. नीट झालं तर कायमच्या तिथंच राहू दे. काही उणंदुणं झालं, तर मंग पुढच्या साली परत पालम. समजलं का?"

मंगलला समजलं. तिने त्याच दिवशी पडदे धुवायला काढले, त्यात माझा चांगला शर्टही धुवून टाकला, आणि महिनाभर ती चालत नव्हती, पळत होती. घराला रंग लागला. माझा सल्ला न घेता लागला, म्हणून चांगला लागला.

आदल्या दिवशी दादा स्वतः मुखवटे घेऊन आला. नऊवारीत गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. मंगलच्या ओटीत ते घालून तो माझ्याकडे वळला.

"पक्या."

"काय दादा?"

"तू ह्यांना हात लावू नको."

चहा पिऊन गेला. थोरल्या भावाला एक दृष्टी असते, ती त्या वेळी आपल्याला अपमानासारखी वाटते.

आता मोरचुदाकडे येतो. वालूरला आमची मोसंबीची बाग आहे. (बाग म्हणजे चाळीसेक झाडं. पण ऑफिसात 'बाग' म्हटलं की साहेब चहा मागवतात.) त्या पावसाळ्यात झाडांच्या खोडांतून डिंक गळायला लागला. त्यावर उपाय एकच, बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत भिजवायचं, मग एकत्र करून खोडाला फासायचं. मोरचुदाचं पाणी मी नेहमी परभणीतच करतो आणि कॅनमध्ये भरून वालूरला नेतो, कारण वालूरला मोसंबी आहे, प्रेक्षक नाहीत.

परसात प्लास्टिकच्या मोठ्या बादलीवर काठी आडवी टाकायची आणि तिला मोरचुदाची पोटली पाण्यात लोंबती बांधायची. मग ती हळूहळू अशी विरघळते की बघत राहावं! मोराच्या मानेचा निळा रंग धाग्याधाग्यानं खाली उतरतो. मी मंगलला दरवर्षी हाक मारतो. ती दरवर्षी येत नाही.

"अगं, हा तांब्याचा क्षार आहे! तापवला तर पांढरा होतो, पाण्याचा थेंब पडला की पुन्हा निळा. बुरशीला मारतो, शेळ्यांच्या खुरांना बरं करतो, पुस्तकं बांधायच्या खळीत टाकला तर कसर लागत नाही..."

"आन् पोटात गेला तर मानूस जातो," मंगल आतून ओरडते. "झाकण ठिवा त्याच्यावर!"

तर त्या सकाळी, म्हणजे लक्ष्म्या यायच्या त्याच दिवशी, बरंचसं निळं पाणी कॅनमध्ये भरून झालं होतं आणि बादलीच्या तळाशी चार बोटं उरलं होतं. आतून मंगलचा आवाज आला, "मुखवटे काळे पडलेत हो. चिंचमिठाच्या पाण्यात भिजवायचेत. माझे हात पिठात हायेत, कमलकाकूला बोलवता का?"

कमलकाकू आमच्या शेजारी. मी काकूंना बोलावलं असतं तर ही आठवण इथेच संपली असती आणि मी आज एक आदरणीय माणूस असतो.

पण घरात रसायनशास्त्राचा पदवीधर असताना पितळ घासायला शेजारीण? मी चिंचेचा कोळ केला, मीठ घातलं. दोन्ही मुखवटे बुडतील एवढी बादली एकच, ती निळी. ओतून टाकावं का तळातलं पाणी? मी विचार केला. (इथं वाचकांनी मन घट्ट करावं.) पितळ म्हणजे काय? तांबं आणि जस्त. मोरचूद म्हणजे काय? तांब्याचाच क्षार. म्हणजे पितळेला हे माहेरचं पाणी! माहेरच्या पाण्यानं कुणाचं वाईट झालंय?

कोळ ओतला, वर साधं पाणी घातलं. निळ्यावर चिंचेचा रंग बसून सगळं पाणी गढूळ हिरवट झालं. आता मुखवटे तळाशी टेकू नयेत, सगळीकडून सारखे भिजावेत, म्हणून मी ते पोटलीसारखेच लोंबते बांधायचं ठरवलं. मुखवट्यांच्या कानांना दागिन्यांसाठी भोकं असतात. घराच्या कामातून उरलेली लोखंडी तार होती. धाकटीच्या कानातून ती ओवली. थोरलीपाशी येईस्तोवर तार संपली, म्हणून तिला सुतळी बांधली. दोघींना सोडलं पाण्यात, हात साबणानं धुतले आणि पेपर वाचायला बसलो. विज्ञानात घाई करायची नसते.

"आवोऽऽऽ!"

हा आवाज मंगलचा होता, पण तो आमच्या गल्लीचा आवाज झाला. तीन घरांची दारं उघडली. मी परसात पोचलो तेव्हा मंगलच्या एका हातात थोरली होती, पिवळीधमक, सोन्यासारखी. दुसऱ्या हातात एक अनोळखी बाई होती.

"ही कोन?" मंगलने विचारलं.

"धाकटी."

"धाकटी अशी असती का?"

नव्हती. धाकटी नुकत्याच घासलेल्या बंबासारखी लाल झाली होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत तांबं! दोघी सख्ख्या बहिणी, पण एक सराफाच्या दुकानातली आणि एक तांबटाच्या आळीतली.

मला कारण लगेच कळलं, हेच तर माझं दुःख. लोखंड दिसलं की पाण्यातलं तांबं बाहेर येऊन बसतं आणि लोखंड पाण्यात उतरतं. आपल्याकडचे शेतकरी बोर्डोत विळा बुडवून बघतात ते यासाठीच. पातं लाल झालं तर चुना कमी पडला. हे मी स्वतः एका कृषी मेळाव्यात माइक हातात घेऊन समजावून सांगितलं आहे! माइक परत मागेपर्यंत सांगितलं आहे! लोखंडी तारेनं धाकटीला तिथं जोडून दिलं होतं आणि पाण्यातलं तांबं बिनदिक्कत तिच्या तोंडावर येऊन बसलं होतं. सुतळीवाली थोरली सुटली.

"बघ मंगल, तांबं कुठं जात नसतं, ते फक्त जागा बदलतं..."

"मला शिकवू नका," मंगल अगदी हळू आवाजात म्हणाली. (ती ओरडते तेव्हा मी घाबरत नाही.) "जाऊबाई पालमहून गाडीत बसल्यात. दिवस मावळायच्या आत लक्ष्म्या घरात यायच्यात. मला ही पिवळी करून द्या."

मी लिंबू घेतलं. लिंबानं तांबं जे चकाकलं म्हणता! आधी धाकटी नुसती लाल होती, आता तिच्यात माझा चेहरा दिसायला लागला. मंगलने घाईघाईने खालून वर राख फासली, तेव्हा ती लाल आणि चिडलेली दिसायला लागली. कुंपणावरून कमलकाकूंनी मान वर काढली.

"अगं बाई! कोपली का काय?"

"न्हाई काकू, रासायनिक अभिक्रिया हाय," मी म्हणालो.

"मंग लयच कोपली," काकू म्हणाल्या, आणि मान खाली करून बातमी द्यायला निघून गेल्या.

एवढ्यात मंगलचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल! वहिनी, वाटेतल्या गंगाखेडहून सुटलेल्या एसटीतून.

"मंगल, निघाले बघ. लक्ष्म्या घासल्या का? दाखव बरं तोंडं."

मंगलने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. मग त्या माउलीने जे केलं त्याला पदवी लागत नाही. तिने थोरलीला कॅमेऱ्यासमोर धरलं. "ही बघा बाई थोरली." मग फोन जमिनीकडे वळवून, थोरलीच्याच नाकात दुसरी नथ अडकवून, तीच पुन्हा वर धरली. "आन् ही धाकटी."

"लय छान," वहिनी म्हणाल्या. एसटी खड्ड्यातून गेली, चित्र हललं. "पन धाकटीच्या हनुवटीला खळी हाय. ती कुठं गेली?"

"नेटवर्क न्हाई बाई!" असं म्हणून मंगलने फोन बंद केला आणि ती पायरीवर बसली. "आता सांगा."

मी विचार करायला लागलो. इथं मंगलने मला थांबवायला हवं होतं, पण ती रडत होती. मला वाटलं, पिवळं करायला वेळ नाही, पण लाल करायला कितीसा वेळ लागतो? दोघी लाल झाल्या तर फरकच उरणार नाही! वहिनींना म्हणता येईल, शहरातलं पाणी. थोरली पुन्हा काळी पडू नये म्हणून मंगलने तिच्यावर तेलाचा हात फिरवला होता. चालेल का, हे बघायला तिच्या वरच्या ओठावर तेवढं लिंबू घासलं, धाकटीचीच तार तिच्या कानात घातली आणि दिलं सोडून.

"काय करायलाव आता?" मंगलने डोळे पुसून विचारलं.

"जुळवायलोय."

वर काढली. आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. जिथं तेल होतं तिथं पितळ तसंच पिवळं राहिलं. जिथं लिंबू घासलं होतं, तिथंच फक्त तांबं बसलं. नाकाच्या बरोबर खाली. दोन्ही बाजूंना पिळदार.

घराण्याच्या थोरल्या महालक्ष्मीला मिशा आल्या होत्या.

मंगल रडायची थांबली. तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा इतका राग आला की तिने बादली उलटी केली. निळं-हिरवं पाणी परसभर पसरलं. (मी ते पुढचा अर्धा तास धुतलं असतं, पण तेवढा अर्धा तास मला घरात ठेवायला ती तयार नव्हती.) तिने मुखवटे स्वच्छ पाण्यानं धुऊन पिशवीत घातले आणि पिशवी माझ्या छातीवर दाबली. "भांड्याच्या बाजारात पॉलिशवाला हाय. जा! हे काढून आनल्याबिगर यायचं न्हाई!"

स्कूटर काढली. सणाचा बाजार, रस्त्यात केवड्याची पानं, केळीचे खुंट, मक्याच्या कणसांचे ढीग, आणि मी दोन देव्या हँडलला अडकवून गल्लीगल्लीतून. पॉलिशवाल्यापुढे बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात आपापल्या लक्ष्म्या. सगळ्या लक्ष्म्या पिवळ्या! मी पिशवी घट्ट आवळली. पण शेवटी काढून दाखवावंच लागलं. रांगेतल्या एका आजीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हे निघंल," पॉलिशवाला मुखवटा फिरवून म्हणाला. "पातळ थर हाय. मशीनवर धरलं की झालं."

मी त्याचे पाय धरायचा बाकी होतो. त्याने मशीनचं बटण दाबलं. मशीन फिरलं. घरघरलं. थांबलं.

लाइट गेली होती.

"येईल कवा?"

"आता सणाचा दिस हाय," तो म्हणाला, म्हणजे येणार नव्हती.

दुपार कलायला लागली होती. परत निघालो. घरी काय सांगायचं याचा विचार करत बस स्टँडवरून जात असताना मागून हाक आली.

"भावजी! ओ भावजी! थांबा की!"

वहिनी! हातात पिशवी, गुडघ्यावर हात, चेहऱ्यावर मला बघितल्याचा निखळ आनंद. "बरं झालं घ्यायला आलाव! माझ्यानं ऑटोपर्यंतबी चालवना."

त्या मागे तिरप्या बसल्या. हँडलला पिशवी आणि मागे वहिनी, असं चालवणं जमेना, म्हणून त्यांनी आपण होऊनच पिशवी मांडीवर घेतली.

"लय जड हाय. काय हाय ह्यात?"

"नारळ," मी म्हणालो.

मागे पिशवी चाचपल्याचा आवाज.

"भावजी, नारळाला नाक हाय."

"गावरान असतील."

पिशवी पुन्हा चाचपली गेली.

"नथीचं भोकबी हाय."

मी हॉर्न वाजवला. समोर कुणीच नव्हतं.

घरापुढे उतरल्यावर वहिनींनी तिथेच ओट्यावर बसून पिशवी उघडली. दारात मंगल, कुंपणावर कमलकाकू, काकूंच्या मागे काकूंनी जमवलेली सगळी गल्ली. आतल्या खोलीत नव्या साड्या नेसून दोन बिनडोक्याच्या लक्ष्म्या उभ्या होत्या, आणि खरं सांगतो, त्या घरात बिनडोक्याचा म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते.

वहिनींनी आधी लाल मुखवटा काढला, मग मिशांचा. दोन्ही मांडीवर ठेवले. बघत बसल्या. मंगल पुढे आली, वहिनींच्या पायाशी बसली.

"बाई, इतक्या वर्सांनी आल्या होत्या. माझ्याच नशिबात न्हाई. पुढच्या साली न्या परत पालमला." आणि ती खरोखर रडायला लागली. लग्नापासूनची सगळी एसटीची खिडकी त्या रडण्यात होती.

वहिनींनी मला विचारलं, "मिशा कुनी काढल्या?"

"मी."

"पेनानं?"

"मोरचुदानं."

वहिनींनी 'बरं' अशी मान हलवली, जणू पेनानं काढल्या असत्या तरच माफी मिळाली असती. मग पदर खोचला. "मंगल, उठ. रडायला तीन दिवस हायेत. विटकरीचा तुकडा आन, बारीक भुगा कर. चिंच आन. दिवस मावळायला लय येळ न्हाई."

मग आमच्या ओट्यावर जे घासणं सुरू झालं! काकूंनी ताक आणलं, कुणी गोवऱ्यांची राख आणली, समोरच्या नव्या सुनेने टूथपेस्ट आणली. एकीचा हात दुखला की दुसरी बसायची. मी मधे म्हणालो, "चिंचेतलं आम्ल थोडं कमी..." तर सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "तुमी उठा!" मी उठलो. बसायला जागा नव्हती, म्हणून अंगणात येरझाऱ्या घातल्या. सूर्य खाली जात होता, मी मधूनमधून त्याच्याकडेही विनंतीच्या नजरेनं बघत होतो.

थोरलीच्या मिशा आधी गेल्या. (एक बाजू आधी, दुसरी नंतर. मधला काळ सांगवत नाही.) धाकटीचं तांबंही निघत आलं, कपाळ पिवळं झालं, नाक पिवळं झालं. फक्त गालांच्या खोलगट भागात लाली अडकून बसली, काही केल्या जाईना. आणि सूर्य टेकला.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "चला घरात."

मंगलने उंबऱ्यातून रांगोळीच्या पावलांवरून दोघींना आणलं. ताट वाजलं, घंटा वाजली. "महालक्ष्मी आली! कशाच्या पावलानं आली?" वहिनींनी विचारलं. "सोन्याच्या पावलानं आली!" मंगल म्हणाली. मागे कमलकाकू हळूच म्हणाल्या, "धाकटी तांब्याच्या," आणि बायकांत खसखस पिकली. पण साडी-दागिन्यांवर मुखवटे चढले, दिवे लागले, आणि गालावर लाली घेऊन धाकटी अशी काही उभी राहिली की बघणारा बघतच राही. जी येई ती आधी धाकटीकडे जाई. "अगं बाई, लाजलीये की!" वहिनीही बघत राहिल्या.

आरती झाली. मंगल ताम्हण घेऊन वहिनींपुढे उभी राहिली. लक्ष्म्यांचं विचारायची हिंमत नव्हती.

वहिनींनी प्रसादाचा चुरमुरा तोंडात टाकला. "लक्ष्म्या हितंच राहतील," त्या म्हणाल्या. "आता कायमच्या. ह्या पोरीनं काही केलं न्हाई. जे केलं ते ह्यांनी केलं." 'ह्यांनी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, मुखवट्याकडे बघत बोटाने मला दाखवलं. "माझ्या घरी इतकी वर्सं होत्या, कवा रंग बदलला का? न्हाई. कामून? कारन तुमचे दादा ह्या तीन दिवसांत शेतात असतात."

मंगलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, पण या वेळी ती हसत होती. मलाही गहिवरून आलं. मी पुढे होऊन म्हणालो, "वहिनी, पुढच्या वर्षी मी स्वतः शास्त्रशुद्ध..."

वहिनी आणि मंगल यांनी एकमेकींकडे बघितलं. जावाजावांचं इतकं एकमत आमच्या घराण्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

तेव्हापासून दरवर्षी भादव्यात आमच्या घरी महालक्ष्म्या येतात. एक दिवस आधी मंगल माझी पिशवी भरते, डब्यात दोन दिवसांच्या पोळ्या देते, आणि मला पालमच्या एसटीत बसवून देते. तिथं दादा शेतात असतो, मी रिकाम्या घरात असतो, आणि परभणीहून फोनवर सोळा भाज्यांचे फोटो येतात. बाकीच्यांच्या घरी महालक्ष्म्यांचं विसर्जन तिसऱ्या दिवशी होतं. आमच्याकडे आवाहनाच्या आदल्या दिवशीच माझं करतात.